आधी तारा बदला, मग मत द्या

जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी माणूस जे मत बनवतो, ते बहुतेक वेळा गिटारबद्दल नसतंच. ते तारांबद्दल असतं, आणि तारांबद्दल नसेल तर हवेबद्दल. ‘फार कडक आहे’, ‘सुरात राहत नाही’, ‘खरखर करते’, ‘आवाज मेलेला आहे’ या चारही तक्रारी वर्षानुवर्षं न बदललेल्या तारांना तंतोतंत लागू पडतात. ‘काय दिसते राव’ ही दाद तर निव्वळ रंगाला असते. तेव्हा विकणाऱ्याला रागाचा किंवा आभाराचा मेसेज पाठवायची घाई करू नका. चार गोष्टी मात्र त्याच दिवशी बघायलाच हव्यात. त्यांच्याकडे लगेच येतो.

आपल्याकडे, म्हणजे कुंभिवली, खोपोली, कर्जत या पट्ट्यात, इलेक्ट्रिक गिटार दुकानात दहा वाजवून पाहून घेता येत नाही. ती पुण्याच्या कुणा इंजिनिअरने नोकरी बदलताना ओएलएक्सवर टाकलेली असते, किंवा डोंबिवलीच्या एखाद्या पोराने बँड मोडल्यावर काढलेली असते. भेट स्टेशनबाहेर होते, अ‍ॅम्प कुणाकडेच नसतो, दहा मिनिटांत पैसे जातात आणि गिटार खोपोली लोकलच्या रॅकवर चढते. म्हणजे खरी तपासणी घरी आल्यावरच. त्यातून घरचे म्हणतात, ‘हिला आवाजच नाही!’ बरोबर आहे, इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव लाकडाला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. घरच्यांना दोन दिवस थांबायला सांगा.

पिशवी किंवा केस लगेच उघडू नका. एसी गाडीतून किंवा घाटावरच्या कोरड्या हवेतून जुलैच्या दमट घरात आलेल्या लाकडाला तीन-चार तास तसंच पडू द्या. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी तर हवाच पाण्याने भरलेली असते. पहिल्या पावसात आपल्या घरांची दारं फुगून चौकटीत अडकतात, तेच या गिटारच्या मानेचं होतं. पुण्यात एप्रिलमध्ये व्यवस्थित वाजणारी मान इथे जुलैत किंचित हलणार, आणि कुठल्या बाजूला हलेल ते त्या लाकडावर अवलंबून. त्यात विकणाऱ्याने फसवलं असं काही नसतं.

आता त्याच दिवशी बघायच्या गोष्टी. पहिली जागा म्हणजे मानेचा वरच्या टोकाकडचा भाग, जिथे नट, म्हणजे तारा टेकतात ती खाचांची पट्टी, संपतो आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं. गिब्सनच्या धाटणीच्या गिटारचं डोकं मागे कललेलं असतं आणि मान बहुतेक वेळा महोगनीची. स्टँडवरून मागच्या मागे पडली की ती नेमकी तिथेच तडकते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून मागची बाजू पाहा, नखाने चाचपा. केसासारखी रेघ लागली, किंवा तेवढ्याच भागावर रंगाचा पोत वेगळा दिसला, तर तिथे तुटून चिकटवलेलं असण्याची शक्यता आहे. नीट चिकटवलेली मान पुढे अनेक वर्षं वाजते, तेवढ्यावरून गिटार फेकून देऊ नका. पण ते सांगून विकायला हवं होतं, आणि किमतीत उतरायला हवं होतं. दुसरी जागा मान धडाला जोडते तिथली. फेंडरच्या धाटणीत चार स्क्रू असतात. तिथल्या रंगावरच्या बारीक रेघा बहुधा रंगाच्याच असतात, फट मात्र नसावी. तिसरी गोष्ट ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या पोटातून जाणारी लोखंडी सळई. तिच्या नटाचे कोपरे घासून गोल झालेले असतील तर आधीच्या मालकाने चुकीच्या किल्लीने जोर लावला आहे. ही सळई फिरत नसेल तर दुरुस्ती महागात पडते. चौथं, फ्रेट, म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, किती झिजलेत ते.

फ्रेटवरची झीज वाचता येते, आणि मला तो जुन्या गिटारमधला सगळ्यात मजेचा भाग वाटतो. पहिल्या तीन-चार फ्रेटवर सगळ्या तारांखाली खळगे असतील तर माणूस कॉर्ड धरून गाणी म्हणणारा होता. बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर, बारीक तारांखाली, आडवी सपाट झीज असेल तर तार ओढून लीड वाजवणारा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रातल्या गिटारवर ही दुसरी खूण हमखास दिसते, कारण ‘कर्ज’ (१९८०) चित्रपटात गोरख शर्मांनी वाजवलेली ती धून वाजवल्याशिवाय ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याला कुणी स्टेजवरून उतरू देत नसे. खळगे उथळ असतील तर फ्रेट घासून एकपातळी करता येतात. तार दाबल्यावर खळग्याच्या तळात बसत असेल तर फ्रेट बदलावे लागतील, आणि साध्या गिटारच्या बाबतीत तो खर्च कधी कधी तिच्या किमतीच्या जवळ जातो. विकणाऱ्याशी वाद घालायचाच असेल तर तो या चार मुद्द्यांवर घाला. गंजलेले स्क्रू, उडालेला रंग, पिवळं पडलेलं प्लास्टिक, करकरणारी बटणं यांवर नको.

एक जुना प्रकार ओळखायला शिका. कुणाच्या काकांची किंवा आजोबांची गिटार हाती येते आणि तारा फळीपासून बोटभर उंच असतात. दाबायला गेलात तर बोट कापेल. पाहणारा म्हणतो, मान वाकली, गेली कामातून. पण आधी नटकडे बघा. तिथे मूळ नटवर धातूची उंच पट्टी बसवलेली असेल तर ती गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवली गेली आहे. तीच हवाईयन गिटार. इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली तीच मुळी या रूपात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विक्रीला आलेली रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर ठेवून वाजवायचीच होती. फेंडरची टेलिकास्टर, गिब्सनची लेस पॉल, मग १९५४ची स्ट्रॅटोकास्टर हे सगळं नंतरचं. आपल्याकडेही व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या घरोघरी होत्या. तेव्हा ती उंच पट्टी उचलून काढा. बऱ्याचदा खाली मूळ नट शाबूत असतो आणि मानही सरळ असते.

आता तारा. दुकानात ‘गिटारच्या तारा’ असं मोघम मागितलं की बहुतेक वेळा अकूस्टिकचा सेट पुढे येतो, कारण खप त्याचा. त्याच्या जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं. इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. त्याला समोर लोखंड किंवा निकेल हलायला हवं, ब्राँझला ते फारशी दाद देत नाही. म्हणून ‘इलेक्ट्रिकच्या, निकेल’ असं स्पष्ट सांगा. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ९-४२ हा सेट मऊ, १०-४६ थोडा कडक. नवशिक्याने ९ घ्यावा. सुरात लावल्यावर १०-४६च्या सहा तारा मिळून मानेला सुमारे ४५ किलोंची ओढ देतात. त्यामुळे आधीच्या मालकाने एक जाडी लावली असेल आणि तुम्ही दुसरी लावलीत, तर मान पुन्हा जुळवावी लागेल, हे गृहीत धरा.

तारा काढण्याआधी गिटार पालथी करा. मागे प्लास्टिकच्या झाकणाखाली स्प्रिंगा असतील आणि पुढचा ब्रिज दांडीने हलत असेल, तर जरा थांबा. तो ब्रिज तारांची ओढ आणि स्प्रिंगांची ओढ यांच्या मध्ये तोललेला असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो धडाच्या पोटात बसतो आणि नव्या तारा लावताना एक सुरात आणली की बाकीच्या पाच उतरतात. अशा गिटारवर एक तार काढा, तिच्या जागी नवी चढवा, मग पुढची. फ्लॉइड रोज धाटणीचा, नटवर कुलुपं असलेला ब्रिज असेल, तर पहिल्या वेळी जाणत्या माणसाला बरोबर घेऊन बसा. तो ब्रिज एकट्याने हाताळताना भल्याभल्यांचा संयम सुटतो.

साधा पक्का ब्रिज असेल तर सगळ्या तारा काढायला हरकत नाही, आणि तेवढ्यात फळी साफ करून घ्या. काळपट-तपकिरी फळी बहुधा रोझवूडची असते. जगभरातल्या कित्येक गिटारांवर आपला भारतीय शिसव बसवलेला असतो, त्यामुळे आजोबांच्या शिसवी कपाटाचं आणि तुमच्या गिटारचं गोत्र एक असू शकतं. फळी ओल्या फडक्याने पुसा, घट्ट पिळलेल्या. हट्टी मळ जुन्या टूथब्रशने काढा. खोबरेल, तिळाचं किंवा स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल लावू नका. ते लाकडात मुरत नाही, चिकट होतं आणि खवट वास मारतं. गिटारच्या फळीसाठी मिळणारं तेल वर्षातून एकदोनदा, दोन थेंब, पुरे. फळी फिकट पिवळी आणि चकचकीत असेल तर ती लाखेने बंद केलेली मेपल आहे, तिला तेल लागतच नाही. फ्रेटवरचा हिरवा गंज काढायला भांड्यांची तारेची घासणी घेऊ नका. तिचे बारीक कण पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतात आणि मग निघत नाहीत. बारीक स्टील वूल वापरायचंच असेल तर आधी पिकअप टेपने झाका.

नव्या तारा पहिले दोन दिवस सैल पडत राहतात. बोटाने हलकेच ओढायच्या, पुन्हा सुरात लावायच्या. जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई. मोबाइलवरचा ट्यूनर चालतो. लावताना तार ‘टक’ असा आवाज करून एकदम उडी मारत असेल तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासा. अर्ध्या लोकांची ‘खुंट्या खराब आहेत’ ही तक्रार एवढ्यावर मिटते.

तारा बसल्या की मान बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. दाबलेली तार आता तुमची सरळ पट्टी झाली. मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या मध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी, साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. अजिबात नसेल आणि खालच्या फ्रेटवर तार खरखरत असेल तर मान मागे झुकली आहे. ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की फट कमी होते, उलट फिरवला की वाढते. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, मग तारा पुन्हा सुरात लावा, आणि पुढचा निर्णय दुसऱ्या दिवशी. किल्ली नेमक्या मापाचीच हवी. काही गिटारांना इंची माप लागतं, काहींना मिलिमीटरचं, आणि ‘जवळपास बसते’ अशा किल्लीनेच ते कोपरे गोल होतात. नट जोर मागत असेल तर सोडून द्या.

त्यानंतरच तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, जाड तारेला साधारण दोन मिलिमीटर आणि बारीक तारेला दीड. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी पुरते. उंची ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनी कमी-जास्त होते. शेवटी सूर. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून घुंगरासारखा वरचा स्वर काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचा त्या तारेचा घोडा मागे न्या, उतरा येत असेल तर पुढे. हा क्रम उलटा करू नका. मान, मग उंची, मग सूर. जुन्या तारांवर तर यातलं काहीच करू नका, कारण गंजलेली तार बाराव्या फ्रेटवर कधीच खरं बोलत नाही.

एवढं झाल्यावर गिटारचं पन्नास टक्के रूप बदललेलं असतं, आणि तुमचं पहिलं मतही.

आता वीज. इथे मी लांबण लावणार आहे, कारण बाकी चुका पैशात मोजता येतात, ही येत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे, केबलमार्गे अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे अ‍ॅम्पमध्ये वीज कुठे फुटली आणि घराला अर्थिंग नसलं, तर ती वीज थेट तुमच्या बोटांखाली येते. १९७२मध्ये ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्वान्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. १९७६मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरात गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. दोघेही रोज हेच काम करणारे होते.

आपल्या गावांतल्या जुन्या घरांत तीन पिनींचा सॉकेट असतो, पण त्याच्या मोठ्या भोकामागे तार असतेच असं नाही. असली तरी अंगणातला तो अर्थिंगचा खड्डा, कोळसा आणि मीठ घालून केलेला, मे महिन्यात कोरडा ठणठणीत पडतो. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये पूर्ण व्होल्टेज, साधारण २३०, दिसायला हवं, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट. शक्य असेल तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. अ‍ॅम्पची मोठी पिन कापून दोन पिनींत बसवू नका, मग घरघर कितीही येवो. अ‍ॅम्प चालू असताना तारांना टेस्टर लावून बघा. दिवा मंदही पेटला तर अ‍ॅम्प भिंतीतून उपटा, आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा लावू नका. गणपतीच्या मांडवात वाजवणार असाल तर गिटारचा अ‍ॅम्प आणि माइकचा मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. दोन वेगळ्या बोर्डांचं अर्थिंग वेगळं असेल तर तारांवर हात आणि माइकला ओठ, एवढ्यानेच झटका बसतो.

सेकंडहँड अ‍ॅम्पही बरोबर आला असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय तो भिंतीत खुपसू नका. जपानमधून आलेला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२०चा. २३० व्होल्टच्या आपल्या सॉकेटमध्ये तो काही सेकंदांत जळतो. त्याला योग्य ताकदीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आणि बंद असला तरी आत हात घालू नका. त्यातले कपॅसिटर बंद केल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून बसतात.

घरघरीबद्दल मात्र घाबरू नका. तारांना हात लावला की घरघर कमी होते, ही चांगली खूण. तारांचं अर्थिंग जागेवर आहे. उलट हात लावल्यावर ती वाढत असेल तर आतली एखादी तार सुटली आहे. एकेरी गुंडाळीचं, बारीक लांबट पिकअप थोडं घरघरणारच. ते आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची भुणभुण ऐकतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ही भुणभुण मारली. ते पिकअप म्हणजे हंबकर. विजेच्या बाबतीत आपला भाग तसा जुनाजाणता. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. पण पहिल्या वादळात आपलीच लाइन जाते, आणि घरोघरी इन्व्हर्टर सुरू होतात. स्वस्त, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर गिटार लावली तर ती गोमाशीसारखी गुणगुणते. तो दोष गिटारचा नाही. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करा, आणि गिटार हातात धरून जागच्या जागी फिरून बघा. एका दिशेला घरघर एकदम कमी होईल. तीच तुमची बसायची जागा.

बटणं फिरवताना करकर येते ती धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पोटेन्शिओमीटरच्या पोटात मारा आणि वीस-पंचवीस वेळा बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवण्याचं साधं वंगण मारू नका. जॅक सैल असेल तर बाहेरचा नट आवळण्याआधी आतला भाग धरा, नाहीतर आतली तार पिळून तुटते. पिकअप चालू आहे का ते पाहायला आवाज बारीक ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी मारा. मल्टिमीटर असेल तर केबल गिटारला लावून तिच्या दुसऱ्या पिनीच्या टोकावर आणि दांड्यावर रोध मोजा, आवाजाची बटणं पूर्ण उघडी. एकेरी पिकअपला साधारण पाच ते आठ किलोओहम, हंबकरला सात ते पंधरा. काहीच आकडा न येणं म्हणजे कुठेतरी तार तुटलेली. पण मागे नऊ व्होल्टच्या बॅटरीची डबी असेल तर हा हिशेब लागू नाही. ती डबी मात्र आधी उघडा. जुन्या बॅटरीचं पाणी गळून संपर्क खाल्लेले असतात.

हे सगळं स्वतःला जमत नसेल तर कुणाकडे जायचं? गिटारचा कारागीर आपल्याकडे मिळत नाही, पण बेंजो पार्टी प्रत्येक गावात मिळते. हळदीला जो बेंजो वाजतो, तो म्हणजे बुलबुलतरंगाला पिकअप आणि जॅक बसवलेला. त्याचं मूळ घराणं १९१२मध्ये जपानात तयार झालेल्या ताइशोगोतोकडे जातं. तो वाजवणारा माणूस पिकअप, जॅक, सोल्डरिंग, अ‍ॅम्प, मांडवातली वीज यांत मुरलेला असतो, आणि रात्री अकरा वाजता दव पडत असताना तुटलेली तार जोडायची त्याला सवय असते. सुटलेली तार, फाटलेला जॅक, मेलेला स्विच ही कामं त्याला बिनधास्त द्या. मान आणि फ्रेट मात्र त्याच्याकडे देऊ नका. बुलबुलतरंगाला ती भानगडच नसते. फ्रेटसाठी मुंबई गाठा. सीएसएमटीला उतरलं की धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या आसपास, वाद्यांची दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथलं फर्ताडोस तर १८६५चं. दुकानात नुसतं ‘दुरुस्ती’ म्हणू नका. ‘फ्रेट लेव्हल करून सेटअप हवाय, तारा ९च्या, उंची दोन आणि दीड’ असं सांगा. नेमकं मागणाऱ्याला नेमकं काम मिळतं.

नावाबद्दल थोडक्यात. डोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव असलं की लगेच हुरळू नका. ते नाव बऱ्याचदा नुसतं स्टिकर असतं. गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, तीन दिसले तर शंका घ्या. अनुक्रमांक असेल तर कंपनीकडे पडताळा. विकणाऱ्याकडून जुनं बिल किंवा निदान दोन ओळींचा विक्रीचा कागद घ्या, चोरीचा माल अंगावर येऊ नये म्हणून. आणि डोक्यावर काहीच नाव नसलेली पण सरळ मानेची, शाबूत फ्रेटची गिटार मिळाली असेल, तर नाव लिहिलेल्या वाकड्या गिटारपेक्षा तुम्ही चांगला सौदा केला आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या महिन्यात पिकअप बदलायच्या भानगडीत पडू नका. इंटरनेटवरचा प्रत्येक जण तेच सांगेल. पण नव्या तारा, नीट उंची आणि स्वच्छ बटणं यांनंतर पुष्कळांना ते पिकअप आवडायला लागतं. ते पैसे चांगल्या केबलवर आणि कडक केसवर घाला. केस इथे चैन नाही. पावसाळ्यात गिटार भिंतीवर, विशेषतः बाहेरच्या भिंतीवर, टांगू नका. ती भिंत चार महिने ओली असते. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन मोठ्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून कोरड्या करा. साधा डिजिटल आर्द्रतामापक केसमध्ये टाकून ठेवा. आकडा पन्नासच्या आसपास हवा, सत्तरच्या वर सतत राहत असेल तर पुड्या कमी पडत आहेत. जुन्या गिटारवर नायट्रोसेल्युलोजची लाख असेल तर रबराची गादी असलेल्या स्टँडवर ती ठेवू नका, रबर आणि लाख यांची रासायनिक भांडणं होऊन तिथे डाग पडतो. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसा. आपल्या घामात आणि या हवेत बारीक तार पावसाळ्यात महिनाभरात काळवंडते, त्याची तयारी ठेवा आणि जूनच्या आधी दोन सेट आणून ठेवा.

व्हिजिटिंग कार्डाची फट आणि बाराव्या फ्रेटवरची उंची आज तारखेसकट केसच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवा. पाऊस सुरू झाल्यावर, गणपतीनंतर आणि पुन्हा मार्चमध्ये मोजा. मार्चमध्ये फळीच्या कडेला बोट फिरवताना फ्रेटची टोकं टोचायला लागली तर लाकूड सुकून आक्रसलं आहे. तेव्हा केसमधल्या सिलिकाच्या पुड्या काढून घ्या.